पार्किंगमध्ये आणि सार्वजनिक ठिकाणी सावध राहण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं उघड्या मैदानातलं पार्किंग, बहुमजली वाहनतळ, तळघर, रस्त्याकडेची जागा अशा सगळ्यांना लागू पडतात. कायदा देशागणिक बदलतो तिथे तसं सांगितलं आहे. प्रश्न हव्या त्या क्रमाने वाचा, फक्त पहिला आधी वाचलात तर बाकीच्यांचा रोख लवकर कळेल.

पार्किंगमध्येच एवढं जपायचं कारण काय?

पार्किंगमध्ये माणूस एक काम संपवून दुसऱ्याकडे निघालेला असतो. हातात पिशव्या, मान खाली आणि डोकं भलतीकडेच. गाड्यांच्या रांगांमुळे आडोसा भरपूर मिळतो. कोणी नुसता उभा असला तरी कुणाला वावगं वाटत नाही, कारण तिथे सगळेच कुणाची ना कुणाची वाट बघत असतात. आणि काम झालं की पळ काढायला वाहन हाताशीच असतं.

यातली सगळ्यात कच्ची वेळ म्हणजे गाडीपाशी पोहोचल्यापासून गाडी हलेपर्यंतची एक-दोन मिनिटं. पर्समध्ये किल्ली शोधणं, डिकीत सामान रचणं, सीटवर बसून फोन चार्जिंगला लावणं, नकाशात पत्ता टाकणं या सगळ्यात डोळे, कान आणि हात एकदमच अडकतात. म्हणून मुख्य युक्ती अशी की ही कामं तिथून उचलून दुसरीकडे न्यायची. किल्ली इमारतीच्या आतच हातात घ्या. पत्ता आतच टाका. मेसेजला उत्तर आत द्या किंवा घरी पोहोचल्यावर द्या. पुढच्या उत्तरांपैकी निम्मी याच एका गोष्टीचे तपशील आहेत.

सावध राहणं म्हणजे सतत धास्तावून राहणं का?

नाही, आणि तसं राहताही येत नाही. जेफ कूपर या अमेरिकी प्रशिक्षकाने मनाच्या तयारीला रंगांची नावं दिली, ती आजही शिकवली जातात. पांढरा म्हणजे पूर्ण बेसावध, पिवळा म्हणजे निवांत पण जागा, नारिंगी म्हणजे एखाद्या ठरावीक गोष्टीवर लक्ष खिळलेलं, लाल म्हणजे कृतीला तयार. घराबाहेर पिवळ्यात राहायचं असतं आणि त्यात दिवसभर राहिलं तरी शीण येत नाही. दिवसभर नारिंगीत राहू पाहणारा मात्र तासाभरात थकतो आणि नकळत पांढऱ्यात घसरतो.

याला एक सोपं वळण लावता येतं. दार ओलांडताना, लिफ्टमधून बाहेर पडताना, जिन्याच्या वळणावर दोन-तीन सेकंद थांबा. आधी जवळचं बघा, मग मधलं, मग लांबचं. डोळे उघडे आहेत म्हणून सगळं दिसतंच असं नाही. डॅनिएल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांच्या १९९९ च्या प्रसिद्ध प्रयोगात चेंडूचे पास मोजण्यात गुंगलेल्या निम्म्या प्रेक्षकांना समोरून चालत गेलेला गोरिलाचा वेशधारी दिसलाच नाही. फोनमध्ये बघत चालणाऱ्याची गत याहून वेगळी नसते.

नेमकं काय बघायचं? सगळेच संशयित वाटायला लागतात.

आधी तिथली नेहमीची चाल ओळखा. पार्किंगमध्ये लोक गाडीकडे जातात, गाडीतून निघतात, किल्ल्या काढतात, फोनवर बोलत येरझाऱ्या घालतात. यात न बसणारं तेवढं टिपायचं. तुम्ही थांबलात की थांबणारा आणि निघालात की निघणारा. गाड्यांच्या काचांतून एकामागून एक आत डोकावणारा. दोघे-तिघे एकत्र उभे असताना तुम्हाला बघून वेगवेगळ्या बाजूंना पांगणारे. बऱ्याच वेळापासून इंजिन चालू ठेवून, दिवे बंद करून उभी असलेली गाडी.

कपडे, रंग, भाषा यांवरून अंदाज बांधू नका. ते चुकतात आणि खऱ्या धोक्यावरची नजर हटवतात. हात बघा, कारण इजा हातांनीच होते. एक हात सतत पाठीमागे किंवा खिशात असेल तर अंतर वाढवा.

अंतराबद्दल एक आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. अमेरिकी पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये मांडलं की साधारण तंदुरुस्त माणूस २१ फूट, म्हणजे जवळपास ६.४ मीटर, दीड सेकंदात पार करतो. साधारण दीड गाडीच्या लांबीवर उभा असलेला माणूस ‘लांब आहे’ असं धरून चालू नका.

मी कसा चालतो किंवा कशी चालते याने खरंच फरक पडतो?

पडतो. १९८१ मध्ये बेटी ग्रेसन आणि मॉरिस स्टाइन यांनी रस्त्याने चालणाऱ्या लोकांच्या चित्रफिती हल्ल्याच्या गुन्ह्यांत शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांना दाखवल्या. कोण सोपं सावज वाटतं याबाबत कैद्यांची मतं बऱ्यापैकी जुळली आणि ती वय किंवा लिंग यांपेक्षा चालीवर जास्त अवलंबून होती. अडखळती, अंगाशी न जुळणारी पावलं त्यांनी हेरली. तेव्हा मान वर, नजर समोर, पावलं एका लयीत. कुणाशी नजर भिडली तर क्षणभर बघा आणि पुढे व्हा. रोखून बघत राहिलात तर आव्हान दिल्यासारखं होतं आणि झटकन मान खाली घातलीत तर दबल्यासारखं.

गाडी कुठे लावावी?

परतताना जसा उजेड असेल त्या हिशेबाने जागा निवडा. दुपारी लावलेली गाडी रात्री काढायची असेल तर डोक्यावर दिव्याचा खांब आहे का ते बघा. प्रवेशद्वार, तिकीट खिडकी किंवा रखवालदाराची चौकी यांच्या नजरेच्या टप्प्यातली जागा चांगली. रांगेच्या टोकाची जागा मिळाली तर निदान एका बाजूला गाडीचा आडोसा नसतो. जाड खांब, कचऱ्याचे मोठे डबे, दाट झुडपं, बंद व्हॅन यांच्या शेजारची जागा टाळा. कॅमेरा असला तर उत्तम, पण तो घडलेलं नोंदवतो, घडणारं थांबवेलच असं नाही.

शक्यतो गाडी मागे घेऊन लावा, म्हणजे तोंड वाटेकडे राहील. निघताना समोरचं सगळं दिसतं, एका दमात बाहेर पडता येतं आणि मागे घेताना कुणाला धडक बसण्याचा धोकाही कमी होतो. तोटा एकच, डिकी भिंतीकडे जाते. अवजड सामान भरायचं असेल तर तेवढ्यापुरता हा नियम सोडा.

मजला आणि खांबाचा क्रमांक यांचा फोटो काढून ठेवा. तळघरात फोनमधलं स्थानदर्शक बऱ्याचदा चालत नाही, आणि गाडी शोधत भटकणारा माणूस लांबूनही ओळखू येतो. मौल्यवान वस्तू डिकीत ठेवायच्या असतील तर निघण्याआधीच ठेवा. गाडी लावून, सगळ्यांदेखत डिकीत लॅपटॉप ठेवून निघून जाणं म्हणजे पत्ता सांगण्यासारखंच.

गाडीकडे परतताना काय करायचं?

गाड्यांना खेटून न चालता दोन रांगांमधल्या वाटेच्या मधल्या भागातून चला, अर्थात वाहनांकडे लक्ष ठेवून. एक हात पूर्ण मोकळा हवा. सामान जास्त असेल तर ढकलगाडी घ्या किंवा दोन खेपा करा, पण दोन्ही हातांत पिशव्या आणि दातांत तिकीट असं निघू नका. एका कानातला इअरफोन काढा आणि बाहेरचा आवाज दाबणारी सोय बंद करा.

दहा-पंधरा मीटरवरून गाडीची खालची बाजू आणि पलीकडे कोणी आहे का ते दिसतं. जवळ गेल्यावर वाकून बघण्यात अर्थ नाही. मागच्या सीटवर एक नजर टाका. चालकाच्या दाराला खेटून मोठी व्हॅन येऊन उभी राहिली असेल आणि आत कोणी बसलेलं असेल तर दुसऱ्या बाजूने आत शिरा किंवा परत जाऊन रखवालदाराला सोबत मागा. बऱ्याच मॉल, रुग्णालयं आणि कार्यालयांत सुरक्षारक्षक गाडीपर्यंत येतात, फक्त विचारावं लागतं. उगाच वाटलं असेल तर दहा मिनिटं गेली, इतकंच.

रिमोट फार लांबून दाबू नका. दिवे चमकले की तुमची गाडी कोणती हे सगळ्यांना कळतं. बहुतेक गाड्यांत पहिल्या दाबाला फक्त चालकाचं दार उघडेल अशी सेटिंग असते, ती लावून घ्या. सगळी दारं एकदम उघडली की पलीकडून कोणीही आत बसू शकतो.

गाडीत बसल्यावर पहिलं काम कोणतं?

दारं लॉक करणं. मग इंजिन, मग सीटबेल्ट, मग गाडी हलवणं. आरसे आणि सीट नीट करणं, गाणी लावणं, हिशेब तपासणं हे बाहेर उजेडात कुठेतरी थांबून. पर्स शेजारच्या सीटवर नको, त्या सीटसमोर पाय ठेवायच्या जागेत ठेवा. बंदिस्त तळघरात इंजिन चालू ठेवून बसून राहू नये याला आणखी एक कारण आहे. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

रिमोट दाबला तरी गाडी उघडी राहते असं ऐकलं. खरं आहे?

खरं आहे. जवळ उभा असलेला चोर रिमोटच्याच रेडिओ लहरींवर गोंधळ माजवणारं यंत्र चालू ठेवतो आणि ‘लॉक’चा संदेश गाडीपर्यंत पोहोचतच नाही. तुम्ही चालता चालता मागे न बघता बटण दाबलेलं असतं. उपाय साधा आहे. लॉकचा खट्ट आवाज ऐका, दिवे चमकताना बघा, मग हँडल ओढून खात्री करा. बिनचावीच्या गाड्यांत यातही मेख आहे. किल्ली खिशात असली की हँडलला हात लावताच गाडी उघडते. तिथे आरसे मिटले का किंवा काचेतून लॉकचा दिवा दिसतो का ते बघा.

दुसरा प्रकार याच बिनचावीच्या गाड्यांचा. एक जण तुमच्या खिशातल्या किल्लीजवळून यंत्र घेऊन चालतो, दुसरा गाडीपाशी उभा असतो, आणि किल्लीचे संकेत तिथवर पोहोचवून गाडी उघडली जाते. धातूचं अस्तर असलेली लहरी अडवणारी पिशवी मिळते, त्यात किल्ली ठेवा. पिशवी विकत घेतल्यावर तपासून बघा. किल्ली आत ठेवून गाडीशेजारी उभे राहा आणि हँडल ओढा. दार उघडलं तर पिशवी कुचकामी आहे. अस्तर घड्यांवर झिजतं, म्हणून ही तपासणी अधूनमधून करत राहा.

लिफ्ट घ्यावी की जिना?

काचेची लिफ्ट किंवा काचेचा जिना असेल तर तो, कारण आतलं बाहेरून दिसतं. बंद जिना सगळ्यात वाईट: आवाज अडतो, वळणापलीकडचं दिसत नाही. लिफ्टमध्ये बटणांच्या फळीजवळ, पाठ भिंतीला लावून उभे राहा. आत आधीपासून असलेल्या माणसामुळे अस्वस्थ वाटलं तर शिरू नका. ‘मी पुढच्याने येते’ एवढं म्हटलं तरी पुरे, कारण द्यावं लागत नाही. आत असताना काही बिघडायला लागलं तर लिफ्ट थांबवणारं बटण दाबू नका, त्याने तुम्ही त्या माणसासोबत कोंडले जाता. जवळच्या मजल्यांची बटणं दाबा आणि पहिलं दार उघडताच बाहेर पडा.

दुचाकीवाल्यांसाठी वेगळं काही?

दुचाकीला काच नाही की दार नाही, त्यामुळे निघण्याचा वेग हीच ढाल. तोंड वाटेकडे करून लावा. हेल्मेट घालण्याआधी एकदा चौफेर बघून घ्या, कारण घातल्यावर कडेचं दिसणं आणि ऐकू येणं दोन्ही कमी होतं. सीटखालच्या कप्प्यात सामान कोंबताना किल्ली तिथेच लटकत सोडू नका. पिशवी खांद्यावर एकेरी न अडकवता दोन्ही पट्टे घाला किंवा जर्किनच्या आत घ्या. चालत्या गाडीवरून पिशवी हिसकावली जाते तेव्हा ऐवजापेक्षा पडण्याची इजा भारी पडते.

लहान मुलं बरोबर असतील तर?

आधी मूल आत, मग सामान. शक्य असेल तर मुलासोबत तुम्हीही मागच्या दाराने आत जा, दारं लॉक करा आणि बाळाच्या सीटचे पट्टे आत बसून लावा. दार उघडं ठेवून बाहेरून वाकून पट्टे लावताना पाठ पूर्ण उघडी पडते.

पण पार्किंगमध्ये मुलांना माणसांपेक्षा गाड्यांचं भय जास्त मानावं. छोटं मूल मागे येणाऱ्या गाडीच्या चालकाला आरशात दिसतच नाही. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला तो याच कारणाने. हात धरून चला, आणि हात मोकळा नसेल तर ‘गाडीला हात लावून उभं राहायचं’ अशी सवय लावा. मागचे दिवे लागलेल्या गाडीमागून जायचं नाही, हेही तीन-चार वर्षांच्या मुलाला शिकवता येतं.

‘पाच मिनिटांत आलो’ म्हणून मुलाला बंद गाडीत ठेवू नका. बंद गाडीतलं तापमान पहिल्या १० मिनिटांतच सुमारे १० अंश सेल्सिअसने चढू शकतं आणि काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. इंजिन चालू ठेवून गेलात तर चोराच्या हाती गाडीबरोबर मूलही जातं.

अनोळखी माणूस काही विचारायला आला तर उद्धटपणा करायचा का?

उद्धटपणा नको, अंतर हवं. चालता चालता उत्तर द्या. हाताचा तळवा समोर धरून ‘तिथूनच बोला’ म्हणा. खरंच पत्ता विचारणारा तिथेच थांबतो. न थांबता जवळ येत राहणाऱ्याने आपला हेतू तुम्हाला सांगून टाकलेला असतो.

लक्ष विचलित करून चोरी करण्याच्या ठरलेल्या तऱ्हा आहेत. ‘तुमचं टायर बसलंय’, ‘खालून तेल गळतंय’, ‘तुमचे पैसे पडले’, कपड्यांवर काहीतरी सांडवून पुसायला धावणं. तुम्ही उतरून वाकलात की पलीकडच्या दारातून दुसरा जण पिशवी लांबवतो. गाडी चालण्याजोगी असेल तर लॉक तशीच ठेवून पुढे उजेडात, माणसांत जाऊन बघा. मागून हलकी धडक बसली आणि जागा सुनसान असेल तरी हेच करा: धोक्याचे दिवे लावा, हाताने ‘पुढे’ अशी खूण करा, पेट्रोल पंपापाशी किंवा पोलीस चौकीपाशी थांबा. त्याच वेळी पोलिसांना फोन करून तसं कळवा, नाहीतर धडक देऊन पळाल्याचा आळ यायचा.

कोणी पाठलाग करतंय असं वाटलं तर खात्री कशी करायची?

पायी असाल तर रस्ता ओलांडा, थोडं जाऊन परत ओलांडा. गाडीत असाल तर एकाच बाजूला चार वळणं घ्या. तुम्ही निघालात तिथेच परत येता, आणि एवढ्यावरही मागची गाडी मागेच असेल तर योगायोग म्हणता येत नाही. घरी जाऊ नका. पोलीस ठाणं, अग्निशमन केंद्र, रुग्णालयाचं आपत्कालीन दार, वर्दळीचा पेट्रोल पंप यांपैकी जे जवळ असेल तिथे जा. सिग्नलला पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील इतकं अंतर सोडा, म्हणजे मागे न घेता बाजूने निघता येतं.

समोर उभं राहून कोणी ऐवज मागितला तर?

देऊन टाका. पाकीट, फोन, गाडी काहीही. हात दिसतील असे ठेवा आणि करण्याआधी सांगा: ‘पाकीट मागच्या खिशात आहे, काढतोय.’ अचानक खिशात गेलेला हात समोरच्याला हत्यार काढल्यासारखा वाटतो. पाकीट थोडं बाजूला टाकून उलट दिशेला पळणं हाही चांगला मार्ग आहे. गाडी मागितली आणि मागे मूल असेल तर तेच पहिलं वाक्य: ‘मागे मूल आहे, त्याला घेतो.’

वस्तू देण्याचा हा नियम माणसाला लागू नाही. ‘गाडीत बस’, ‘माझ्याबरोबर चल’ असं म्हटलं गेलं तर जिथे आहात तिथेच ओरडा, पळा, झोंबा. दुसऱ्या जागी नेल्यावर माणसं नसतात आणि त्याच्याकडे वेळ भरपूर असतो. अंग गोठलं, आवाजच फुटला नाही, असंही होतं. तो शरीराचा स्वाभाविक प्रतिसाद आहे, त्यात दोष काही नाही. लांब श्वास सोडल्याने बऱ्याचदा पहिलं पाऊल उचलता येतं.

ओरडून उपयोग होतो का? लोक तर बघत राहतात म्हणे.

होतो, पण काय ओरडता त्यावर बरंच ठरतं. १९७६ मध्ये लान्स शॉटलंड आणि मार्गारेट स्ट्रॉ यांनी स्त्री-पुरुषाच्या झटापटीचा देखावा उभा केला. बाई ‘मी तुला ओळखत नाही’ असं ओरडली तेव्हा बघणाऱ्यांपैकी ६५ टक्के मध्ये पडले. ‘तुझ्याशी लग्नच का केलं’ असं ओरडली तेव्हा फक्त १९ टक्के. घरगुती भांडण समजून लोक मागे राहतात.

मराठीत यात एक गंमत आहे. ‘ए, सोड मला’ हे नवऱ्यालाही म्हटलं जातं आणि भावालाही. ‘मी तुम्हाला ओळखत नाही! मागे व्हा!’ हे अनोळखी माणसालाच म्हटलं जातं आणि ऐकणाऱ्याचा संशय फिटतो. वाक्य आखूड, आवाज पोटातून. विनंती नको, हुकूम हवा.

मग गर्दीतला एक माणूस निवडा. ‘कोणीतरी मदत करा’ म्हटलं की प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघतो. ‘अहो, निळा शर्ट, पोलिसांना फोन लावा’ म्हटलं की निळ्या शर्टाला टाळता येत नाही. लोकांबद्दल अगदीच निराश होण्याचं कारण नाही. ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउन इथल्या कॅमेऱ्यांतल्या २१९ भांडणांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दहापैकी नऊ प्रसंगांत निदान एक तरी माणूस मध्ये पडला होता.

फोनवर आधीच काय लावून ठेवावं?

आयफोनवर बाजूचं बटण आणि आवाजाचं कोणतंही एक बटण एकत्र दाबून धरलं की आपत्कालीन कॉलची सोय उघडते. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर चालू-बंदचं बटण भराभर पाच वेळा दाबावं लागतं. तुमच्या फोनवर नेमकं काय होतं ते आजच सेटिंगमध्ये बघा आणि विश्वासू माणसांचे क्रमांक त्यात घाला. घाबरल्यावर बोटांची बारीक कामं जमत नाहीत, कुलूप उघडून क्रमांक शोधणं तर विसराच. ११२ हा मोबाइल नेटवर्कच्या जीएसएम मानकातला आपत्कालीन क्रमांक आहे आणि लॉक केलेल्या फोनवरूनही लावता येतो. तळघरात नेटवर्क जातं, म्हणून ‘निघते आहे, दहा मिनिटांत वर येते’ हा मेसेज खाली उतरण्याआधी करायचा.

*#०६# डायल केल्यावर दिसणारा आयएमईआय क्रमांक, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, कागदावर उतरवून घरी ठेवा. फोन चोरीला गेल्यावर तो फोनमध्येच असून काय उपयोग?

मिरचीचा स्प्रे बाळगावा का? आणि किल्ल्या बोटांमध्ये धरून ठोसा मारायचा?

किल्ल्यांचं विसरून जा. ठोसा बसताच त्या फिरतात आणि स्वतःचीच बोटं सोलतात.

स्प्रेचा उपयोग होतो, पण आधी तुमच्या देशात तो कायदेशीर आहे का ते बघा. काही देशांत तो शस्त्र मानला जातो, आणि विमानाच्या केबिनमध्ये कुठेच चालत नाही. लहान डब्यांचा पल्ला साधारण दोन ते चार मीटर. फवारा धुक्यासारखा असेल तर वारा तो तुमच्याच तोंडावर आणतो. धारेचा किंवा जेलचा प्रकार वाऱ्यात बरा, पण नेम धरावा लागतो. लिफ्टमध्ये, गाडीत मारलात तर दोघांनाही लागतो. डब्यातला दाब काही वर्षांत कमी होतो, तळाची तारीख बघून बदला. पर्सच्या तळाशी पडलेला स्प्रे नसल्यातच जमा. हातात किंवा बाहेरच्या खिशात हवा, आणि मोकळ्या जागेत वाऱ्याकडे पाठ करून एकदा दाबून बघितलेला हवा. मारल्यावर परिणाम बघत उभे राहू नका, निघा. स्वतःच्या डोळ्यांत गेला तर चोळू नका, भरपूर गार पाण्याने धुवा.

गाडीत कोणी ट्रॅकर लपवला असेल तर?

हरवलेल्या वस्तू शोधण्यासाठी लावतात तो ॲपलच्या एअरटॅगसारखा अनोळखी टॅग तुमच्यासोबत फिरत असेल तर आयफोन सूचना देतो. २०२४ मध्ये ॲपल आणि गूगल यांच्या सामाइक मानकामुळे अशी सूचना दोन्ही प्रकारच्या फोनवर मिळू लागली. ती हलक्यात घेऊ नका. चाकांवरच्या कमानी, बंपरच्या आतली बाजू, नंबरप्लेटमागे, सीटखाली, डिकीतल्या जादा चाकाच्या खळग्यात आणि बिघाड तपासायचं यंत्र जोडतात त्या स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये शोधा. सिमकार्डवर चालणारे जीपीएस ट्रॅकर फोनला ओळखू येत नाहीत, ते असेच हाताने शोधावे लागतात. सापडला तर लगेच फेकू नका. फोटो काढा आणि पोलिसांकडे न्या, तो पुरावा आहे. ठेवणारा ओळखीतलाच असेल असं वाटत असेल तर काढण्याआधी पोलिसांशी बोला. ट्रॅकर बंद पडल्याचं त्याला कळतं आणि तो चवताळू शकतो.

ॲपवरून बोलावलेली टॅक्सी घेताना?

नंबर, गाडीचा रंग, चालकाचा चेहरा जुळवा. ‘तुम्ही अमुक यांनाच न्यायला आलात ना?’ असं आपणच नाव घेऊन विचारू नका, ‘कुणासाठी आलात?’ असं विचारा. मागे, चालकाच्या तिरक्या बाजूला बसा. दार आतून उघडतं का ते गाडी निघण्याआधी बघा, मुलांसाठीचं लॉक लावलेलं असेल तर काढायला सांगा.

गर्दीच्या ठिकाणी धोका वेगळा असतो का?

तिथे खिसेकापूपेक्षा गर्दीच जास्त घातक ठरू शकते. एका चौरस मीटरमध्ये पाचाहून जास्त माणसं झाली की माणूस स्वतःच्या मर्जीने हलू शकत नाही. शेजाऱ्याचा खांदा दोन्ही बाजूंनी लागायला लागला की निघायची वेळ झाली, हलता न येण्याची वाट बघू नका. अडकलात तर हात छातीसमोर मुठी आवळून धरा, श्वासापुरती जागा राहते. दाबाच्या विरुद्ध ढकलू नका, लाट ओसरली की तिरकं कडेकडे सरका. पडलेली चप्पल, फोन उचलायला वाकू नका. आत शिरतानाच आलात त्याखेरीज दुसरी एक वाट हेरून ठेवा, कारण घबराट उडाली की सगळे आलेल्या दारानेच परत धावतात.

‘पिन उलटा टाकला की पोलीस येतात’, ‘अत्तराचा वास देऊन बेशुद्ध करतात’ हे मेसेज खरे का?

पिनची गोष्ट खोटी आहे, एटीएममध्ये अशी सोय नसते. अत्तराची कथा १९९९ पासून ईमेलवर फिरते आहे. पार्किंगमध्ये कागदावर शिंपडलेला थेंब हुंगून मोठं माणूस क्षणात कोसळेल असा पदार्थ नाही. असे मेसेज पुढे पाठवण्यात नुकसान हे की लोक अत्तराकडे बघत राहतात आणि हँडल ओढून बघायला विसरतात.

काही घडलंच तर नंतर काय करायचं?

आधी सुरक्षित जागी पोहोचा, मग फोन. बोलण्याआधी एक मिनिट काढून आठवेल ते लिहा किंवा फोनमध्ये बोलून ठेवा. गाडीचा नंबर, ती गेली ती दिशा, उंची. उंचीचा आकडा सांगता येत नसेल तर ‘दाराच्या चौकटीच्या इतकी खाली’ असं सांगा. बूट जरूर बघा, जर्किन आणि टोपी वाटेत फेकली जाते, बूट सहसा पायातच राहतात. हल्लेखोराने हात लावलेल्या दाराला, काचेला हात लावू नका. कॅमेऱ्याचं चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवण्याची लेखी मागणी वाहनतळाच्या व्यवस्थापनाकडे त्याच दिवशी करा. कार्डं बंद करा, आणि किल्ली गेली असेल तर गाडीच्या अधिकृत केंद्रातून ती किल्ली गाडीच्या यादीतून काढून टाकायला सांगा.

आमच्या इमारतीचं पार्किंगच धोकादायक आहे. समितीकडे काय मागावं?

‘दिवे वाढवा’ एवढंच मागू नका. एकच झगझगीत दिवा डोळे दिपवतो आणि त्याच्या पलीकडे काळोख आणखी गडद करतो. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, पार्किंगमधून जाणाऱ्याकडे तेवढा वेळ नसतो. म्हणून सगळीकडे सारखा, माणसाचा चेहरा ओळखू येईल असा उजेड मागा. तळघराचं छत आणि खांब पांढरे रंगवले की त्याच दिव्यांत बराच फरक पडतो, आणि खर्च थोडा येतो.

झुडपं ६० ते ९० सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नयेत आणि झाडांच्या फांद्या दोन मीटरखाली नसाव्यात, म्हणजे मधल्या पट्ट्यातून आरपार दिसतं. जिन्याच्या बंद दारांना काच बसवा, आंधळ्या वळणांवर बहिर्गोल आरसे लावा, खांबांवर मोठे क्रमांक रंगवा. मदत मागणाऱ्याला आपण कुठे आहोत हे त्यावरूनच सांगता येतं. बंद पडलेल्या दिव्याची तक्रार कुणाकडे करायची तो फोन क्रमांक प्रत्येक मजल्यावर लिहिलेला हवा आणि दिवा बदलायला किती दिवस लागले याची नोंद महिन्याच्या बैठकीत मागा.